नांवाची साक्ष : संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राविषयीं एक पाठ



आपल्या शाळेंतून बाहेर पडलेल्या कांहीं मुलांनीं मिळून एक लहानसें संकेतस्थळ चालविलें आहे. कोणी पुण्यास, कोणी मुंबईस, तर कोणी परदेशांत नोकरी करितो. परंतु सायंकाळीं चार शब्द बोलावयास सर्वजण तेथें जमतात. हें स्थळ कोणा मोठ्या कंपनीच्या जागेंत नाहीं. त्यांच्यापैकीं एकानें आपल्या राहत्या खोलींत एक जुना संगणक मांडला, त्यावर मॅस्टोडॉन नांवाचा प्रोग्रॅम बसविला, आणि नांवाच्या नोंदणीची वार्षिक वर्गणी सर्वांनीं वांटून घेतली.

गेल्या वर्षीं तो संगणक जाऊन त्याच्या जागीं दुसरा आला. नव्या संगणकावर सर्व कांहीं पूर्वीसारखेंच दिसत होतें. पान उघडत होतें, लिहिलेलें उमटत होतें, एकमेकांस उत्तरें मिळत होतीं. मात्र दुसऱ्या स्थळांवरील मित्रांकडून येणारें लिखाण बंद पडलें होतें. सुट्टीचे दिवस असल्यानें तें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. त्याच आठवड्यांत या मुलांना गणित शिकविलेले एक वृद्ध गुरुजी वारले. एका वर्गबंधूनें ती वार्ता दुसऱ्या स्थळावरून त्याच दिवशीं लिहिली होती. ती या मंडळींपर्यंत पोहोंचली नाहीं. जे अंत्ययात्रेस येऊं शकले असते ते आले नाहींत, आणि गुरुजींच्या घरच्यांना वाटलें कीं मुलें विसरलीं.

पुढें दोष सांपडला तो अगदीं क्षुल्लक होता. एका ओळींत एका फाईलीचें नांव चुकलें होतें. तें नांव कोणतें, आणि तेवढ्या चुकीनें एवढा अनर्थ कसा झाला, हें कळण्यास संकेतस्थळाचें प्रमाणपत्र म्हणजे काय हें आधीं कळलें पाहिजे. तोच आजचा पाठ होय.

१. अनेक घरांचें एक गांव

आपणांपैकीं बहुतेकांस जीं समाज-स्थळें माहीत आहेत, तीं एकेका कंपनीच्या मालकीचीं आहेत. सर्व लोक एकाच वाड्यांत राहतात, आणि वाड्याच्या किल्ल्या एकाच मालकाच्या कमरेस असतात. संघीय समाज-स्थळांची रीत निराळी आहे. येथें प्रत्येक मंडळीनें आपापलें घर बांधावयाचें, आणि सर्व घरांनीं एकमेकांशीं पत्रव्यवहार ठेवावयाचा. मॅस्टोडॉन हा अशा प्रकारचा प्रोग्रॅम जर्मनींतील ऑयगेन रोचको या तरुणानें २०१६ सालीं प्रसिद्ध केला. या घरांनीं परस्परांशीं कोणत्या भाषेंत बोलावें याचे नियम ॲक्टिव्हिटीपब या नांवानें जानेवारी २०१८ मध्यें वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्शियम या संस्थेनें मान्य केले.

अशा ठिकाणीं माणसाचें नांव ई-मेलच्या पत्त्यासारखें दोन भागांचें असतें. आधीं व्यक्तीचें नांव, नंतर घराचें नांव. घराचें नांव म्हणजेच डोमेन. मॅस्टोडॉनमध्यें तें एकदां ठरविलें म्हणजे पुढें सुखासुखीं बदलतां येत नाहीं. म्हणून तें विचारपूर्वक ठेवावें लागतें.

आतां एक गोष्ट नीट लक्षांत घ्या. तुम्हीं आपल्या घरीं कांहीं लिहिलें, कीं तुमच्या घरचा सर्व्हर स्वतःच टपालवाल्याप्रमाणें उठून, जेथें जेथें तुमचे वाचक राहतात त्या प्रत्येक घरीं तें पोहोंचवून येतो. या फेरींत मनुष्य कोठेंच नसतो. यंत्र यंत्राच्या दाराशीं जातें, दारावरील नांव खरें आहे कीं नाहीं हें पाहतें, आणि खात्री झाली तरच पत्र देतें. आमच्या मुलांची गोष्ट येथेंच अडखळली.

२. उघडें पत्र व लखोटा

आंतरजालावरून जाणारा मजकूर वाटेंत अनेकांच्या हातांतून जातो. घरांतील वायफायची पेटी, जोडणी पुरविणारी कंपनी, मधलीं कितीएक यंत्रें ! मजकूर तसाच सोडला तर तो पोस्टकार्डासारखा उघडा असतो. वाटेंतील कोणींही वाचावा, आणि कोणीं खोडसाळपणा केला तर बदलावाही. त्यांत आपला पासवर्डही असतो. यास्तव मजकूर सांकेतिक करून, म्हणजे लखोट्यांत घालून पाठविण्याची पद्धति पडली. तिला टीएलएस म्हणतात. पत्त्याच्या आरंभीं एचटीटीपीएस अशीं अक्षरें दिसतात, त्यांतील शेवटचा एस या लखोट्याची खूण आहे.

परंतु लखोटा कितीही भक्कम असला, तरी तो भलत्याच माणसाच्या हातीं दिला तर काय उपयोग ? तेव्हां प्रश्न दोन आहेत. वाटेंत कोणीं वाचूं नये, हा पहिला. ज्याच्या हातीं देतों तो खरोखर तोच आहे ना, हा दुसरा. प्रमाणपत्र आहे तें या दुसऱ्या प्रश्नासाठीं.

३. दोन किल्ल्या

१९७६ सालीं व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन या दोघां अमेरिकन संशोधकांनीं एक नवल वाटण्यासारखी कल्पना प्रसिद्ध केली. एका माणसाजवळ किल्ल्यांची एक जोडी असावी. एक खाजगी, एक जाहीर. खाजगी किल्ली त्यानें कोणासही दाखवूं नये; जाहीर किल्ली खुशाल चव्हाट्यावर टांगावी. पुढच्याच वर्षीं रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन या तिघांनीं ती कल्पना व्यवहारांत आणण्याची एक गणिती रीत शोधून काढली. खाजगी किल्लीनें केलेली सही जाहीर किल्लीनें कोणासही पारखून पाहतां येते. पण जाहीर किल्लीवरून खाजगी किल्ली काढणें प्रचंड मोठ्या संख्यांच्या गणितामुळें व्यवहारांत अशक्य होतें.

तरी एक अडचण उरलीच. चव्हाट्यावर टांगलेली ही किल्ली अमक्याचीच, हें कशावरून ? एखाद्या लबाडानें आपलीच किल्ली दुसऱ्याच्या नांवाची चिठ्ठी लावून टांगली तर ? यावर उपाय सुचविला तो मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तंत्रशिक्षण संस्थेंतील लॉरेन कोनफेल्डर या विद्यार्थ्यानें, १९७८ सालीं, आपल्या पदवीच्या प्रबंधांत. सर्वांच्या विश्वासांतील कोणीतरी "अमकी किल्ली अमक्या नांवाची आहे" असें लिहून त्याखालीं आपली सही करावी; त्या कागदास प्रमाणपत्र म्हणावें. मुलांनो, आज जगांतील कोट्यवधि संकेतस्थळें ज्या युक्तीवर उभीं आहेत ती एका विद्यार्थ्याच्या वहींतून आली, हें विसरूं नका.

४. शाळा सोडल्याचा दाखला

प्रमाणपत्राची रीत समजण्यास आपल्या ओळखीचें उदाहरण घेऊं. मुलगा दुसऱ्या गांवच्या शाळेंत जावयाचा झाला, कीं त्याला शाळा सोडल्याचा दाखला मिळतो. त्यावर मुख्याध्यापकांची सही असते. तो परप्रांतांत जाणार असेल, तर तेथील शाळेस आपल्या मुख्याध्यापकांची सही कोठून ओळखूं येणार ? म्हणून दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्यावी लागते. मुलास मुख्याध्यापक ओळखतात, मुख्याध्यापकांस अधिकारी ओळखतात, आणि अधिकाऱ्यांचें पद सर्वत्र मान्य असतें. अशी ही ओळखीची साखळी आहे.

संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राचेंही तसेंच आहे. तुमच्या घराच्या प्रमाणपत्रावर सही असते ती एका मधल्या प्रमाणपत्राच्या किल्लीची. त्या मधल्यावर सही असते ती मूळ प्रमाणपत्राची. अशीं मोजकीं मूळ प्रमाणपत्रें प्रत्येक संगणकांत व मोबाइलमध्यें आधींपासूनच ठेवलेलीं असतात. त्यांवर यंत्राचा विश्वास असतो. मूळ आणि घर यांच्यामधला दुवा मात्र घरवाल्यानें स्वतः दाखवावयाचा असतो.

सही करणाराच चुकला तर ? तसेंही घडलें आहे. हॉलंडमधील डिजिनोटार या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या यंत्रांत २०११ सालीं चोर शिरले, आणि त्यांनीं गुगलच्या नांवाचें खोटें प्रमाणपत्र तयार केलें. इराणांतील पुष्कळ लोकांचा पत्रव्यवहार चोरून पाहण्यासाठीं त्याचा उपयोग झाला. गोष्ट उघडकीस येतांच सर्व ब्राउझरांनीं त्या संस्थेवरील विश्वास काढून घेतला, व त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत तिचें दिवाळें निघालें. पुढें प्रत्येक प्रमाणपत्राची जाहीर नोंद ठेवण्याची पद्धति सुरू झाली. आपल्या डोमेनच्या नांवानें कोणीं प्रमाणपत्र काढलें आहे काय, हें आज कोणासही या नोंदींत पाहतां येतें. अर्थात् प्रमाणपत्र काढलें कीं घराचें नांव जगजाहीर होतें, हेंही घरीं सर्व्हर मांडणारानें ध्यानांत ठेवावें.

५. प्रमाणपत्र कसें मिळतें ?

पूर्वीं प्रमाणपत्रास बहुधा पैसे पडत, आणि खटपटही बरीच करावी लागे. लहान स्थळें त्यामुळें लखोट्यावांचूनच चालत. लेट्स एन्क्रिप्ट या धर्मादाय स्वरूपाच्या अमेरिकन संस्थेनें आपलें पहिलें प्रमाणपत्र १४ सप्टेंबर २०१५ रोजीं दिलें, व त्या वर्षाच्या डिसेंबरापासून कोणासही तें फुकट मिळूं लागलें. घरगुती स्थळांचा प्रसार झाला त्यांत या गोष्टीचा वांटा मोठा आहे.

ती संस्था तुमचा चेहरा पाहत नाहीं, कीं तुमचें घराणें विचारीत नाहीं. तिला एकच गोष्ट पाहावयाची असते : ज्या नांवाचें प्रमाणपत्र मागतां, तें नांव खरोखर तुमच्या ताब्यांत आहे काय ? याची परीक्षा मोठी सुटसुटीत आहे. संस्था एक सांकेतिक चिठ्ठी देते व म्हणते, "ही आपल्या दारावर अमक्या खिळ्यास टांगा, मी येऊन पाहतें." तुमच्या संगणकावरील सर्टबॉटसारखा प्रोग्रॅम ती चिठ्ठी ठराविक पत्त्यावर ठेवतो. संस्था निरनिराळ्या ठिकाणांहून येऊन ती वाचते, आणि जुळली तर प्रमाणपत्र देते. यासाठीं सर्व्हराचें ऐंशी क्रमांकाचें दार उघडें असावें लागतें.

आपल्याकडील अनेक घरगुती जोडण्यांत पुष्कळ घरांचा बाहेरचा पत्ता एकच असतो, त्यामुळें बाहेरच्यास थेट आपल्या दाराशीं येतांच येत नाहीं. अशा वेळीं दुसरी रीत आहे. चिठ्ठी दारावर न टांगतां डोमेनच्या नोंदवहींत, म्हणजे डीएनएसमध्यें लिहावयाची. मात्र या रीतीनें प्रमाणपत्र मिळालें तरी टपाल आंत येण्याची वाट निराळी करावी लागते, हें विसरूं नये. प्रथम संस्थेच्या सरावाच्या सर्व्हरावर परीक्षा करून पाहावी हें बरें. कारण खऱ्या सर्व्हराकडून त्याच नांवांचें प्रमाणपत्र सात दिवसांत पांच वेळांहून अधिक मिळत नाहीं.

देवनागरींत नांव घेणारांनीं एक गोष्ट जाणून असावी. २०१४ सालापासून .भारत या शेवटाचीं देवनागरी डोमेनें मिळतात. यंत्रें अशा नांवाचें आंतून रोमन अक्षरांचें एक ठराविक रूप करितात, आणि प्रमाणपत्रावर तेंच रूप असतें. तें पाहून घाबरूं नये.

या सर्व व्यवहारांत खाजगी किल्ली तुमच्या संगणकाबाहेर जात नाहीं. संस्थेकडे जाते ती जाहीर किल्ली. जो कोणी "तुमची खाजगी किल्ली पाठवा" असें म्हणेल, तो साह्य करणारा नव्हे असें समजावें.

६. मुदत

प्रमाणपत्र कायमचें नसतें. लेट्स एन्क्रिप्टनें प्रारंभीं ९० दिवसांची मुदत ठेविली, आणि २०२८ पर्यंत ती ४५ दिवसांवर आणण्याचें २०२५ सालीं जाहीर केलें. सर्वच संस्थांसाठीं कमाल मुदत उतरत जाणार असें एप्रिल २०२५ मध्यें ठरलें : १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १००, आणि २०२९ च्या त्याच तारखेपासून ४७. कारण उघड आहे. एखादी किल्ली चोरीस गेली, किंवा डोमेन दुसऱ्याच्या हातीं गेलें, तर जुन्या कागदाचा गैरउपयोग थोडेच दिवस व्हावा.

इतक्या वेळां हातानें नवें प्रमाणपत्र काढणें मनुष्याच्या आठवणीवर सोंपवितां येत नाहीं. म्हणून सर्टबॉट रोज तपासणी करितो, आणि मुदतीचा सुमारें तिसरा हिस्सा उरला कीं नवें आणतो. तरीही एक खांच राहते. नवें प्रमाणपत्र कपाटांत येऊन पडलें, पण दाराशीं बसलेल्या प्रोग्रॅमला तें कोणीं सांगितलेंच नाहीं, तर तो जुनेंच दाखवीत बसतो. म्हणून नवें आल्यावर त्या प्रोग्रॅमानें तें पुन्हां वाचावें अशी आज्ञा लिहून ठेवावी लागते. मुदत संपत आल्याची सूचना पूर्वीं लेट्स एन्क्रिप्ट ई-मेलनें देत असे; ती सेवा जून २०२५ मध्यें तिनें बंद केली. आतां पहारा आपला आपणच ठेवावयाचा.

मुदत संपूं दिली तर काय होतें ? मॅस्टोडॉनचें स्थळ ब्राउझरांस आधींच सांगून ठेवतें कीं मजकडे लखोट्यावांचून येऊं नका. त्यामुळें प्रमाणपत्र शिळें झालें कीं घरच्या माणसांसही आंत येतां येत नाहीं. ब्राउझर "तरीही पुढें जा" असा पर्यायही ठेवीत नाहीं. गैरसोय होते, पण निदान बोभाटा तरी होतो. आमच्या मुलांवर आलेला प्रसंग याहून वाईट होता, कारण तेथें बोभाटाच झाला नाहीं.

७. ती चूक कोणती ?

सर्टबॉट प्रमाणपत्र आणतो तें निरनिराळ्या फाइलींत ठेवतो. एकींत नुसतें घराचें प्रमाणपत्र असतें. दुसरींत घराचें आणि मधलें अशीं दोन्ही असतात. तिला पूर्ण साखळी म्हणतात. नवा संगणक मांडतांना आमच्या मुलानें पूर्ण साखळीच्या जागीं नुसत्या प्रमाणपत्राचें नांव लिहिलें. म्हणजे दाखला होता, मुख्याध्यापकांची सही होती. पण ते मुख्याध्यापक कोण, हें सांगणारा कागदच जोडलेला नव्हता.

मग त्यांच्या संगणकावर पान उघडत होतें तें कसें ? ब्राउझर मोठे मनमिळाऊ असतात. पुष्कळ मधलीं प्रमाणपत्रें त्यांच्या संग्रहीं असतात, किंवा नसलें तर ते स्वतः जाऊन शोधून आणतात. आपल्या शाळेचा शिपाई ओळखीच्या मुलास दाखल्यावांचून आंत सोडतो, तशांतलाच हा प्रकार. परंतु दुसऱ्या घरचा सर्व्हर हा असा ओळखीचा शिपाई नव्हे. तो समोर ठेवलेले कागद तेवढे पाहतो. साखळींत दुवा कमी पडला कीं पत्र न देतां परत फिरतो. तो पुन्हां पुन्हां येऊन पाहतो हें खरें, पण एकाच पत्रासाठीं कांहीं दिवसांपलीकडे खेपा घालीत नाहीं. आणि सात निरनिराळ्या दिवशीं अशी निराशा झाली, तर मॅस्टोडॉन तें घर बंद आहे असें धरून तेथें टपाल नेणेंच थांबवितो. गुरुजींच्या निधनाची वार्ता अशीच दाराशीं येऊन परत गेली होती.

८. प्रमाणपत्र कशाची साक्ष देत नाहीं ?

येथें पालकांसही दोन शब्द सांगावयाचे आहेत. प्रमाणपत्र नांवाची साक्ष देतें; शीलाची नव्हे. फसवणूक करणाराही एखादें डोमेन घेऊन त्याचें खरें प्रमाणपत्र मिळवूं शकतो. ब्राउझरांतील कुलुपाचें चित्र पाहून "हें स्थळ विश्वासाचें" असा ग्रह लोक करून घेत. हा गैरसमज जावा म्हणून गुगलनें सप्टेंबर २०२३ मध्यें क्रोम ब्राउझरांतील तें चित्रच बदललें. तेव्हां मुलांस "कुलूप आहे ना ?" असें न विचारतां "नांव अक्षर न् अक्षर वाचलेंस ना ?" असें विचारावें.

दुसरी गोष्ट. लखोटा असतो तो वाटेपुरता. घरीं पोहोंचल्यावर तो उघडला जातो. मॅस्टोडॉनवर दोघांनीं खाजगी म्हणून लिहिलेला मजकूरही दोन्ही घरांच्या सर्व्हरांवर साध्या रूपांत असतो, आणि सर्व्हर चालविणाराच्या मनांत आलें तर तो तें वाचूं शकतो. म्हणून आपलीं मुलें कोणत्या घरीं उतरलीं आहेत, त्या घराचा धनी कोण, हें पालकांनीं जाणून घ्यावें. आणि तुम्ही, मुलांनो, पुढें कधीं असें घर चालविणार असाल, तर दुसऱ्याचें पत्र हातीं असून न वाचण्याचा संयम प्रथम शिका. त्याचें प्रमाणपत्र कोणतीच संस्था देत नाहीं.

९. उपसंहार

चुकलेली ओळ सुधारावयास दोन मिनिटेंही लागलीं नाहींत. त्यानंतर ती मंडळी गुरुजींच्या घरीं जाऊन आली. त्यांनीं आपल्या सर्व्हरासाठीं आतां एक वही घातली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं दुसऱ्या स्थळावरील एक मित्र त्यांना एक ओळ लिहून पाठवितो, आणि ती पोहोंचली कीं वहींत तारीख पडते. घरांतून पाहून दार उघडें आहे असें म्हणणें सोपें असतें. बाहेरून येणाऱ्यास तें उघडें आहे कीं नाहीं, हें बाहेरूनच पाहावें लागतें. हाच या पाठाचा सारांश आहे.

अभ्यास

(१) लखोटा भक्कम असूनही प्रमाणपत्राची गरज कां पडते ?
(२) दाखल्यावरील प्रतिस्वाक्षरी व मधलें प्रमाणपत्र यांत साम्य कोणतें, व भेद कोणता ?
(३) ब्राउझरांत पान उघडतें एवढ्यावरून स्थळ सुस्थितींत आहे असें कां म्हणतां येत नाहीं ?
(४) आपल्या घरीं वापरांत असलेल्या एका संकेतस्थळाचें प्रमाणपत्र ब्राउझरांत उघडून पाहा. तें कोणत्या नांवाचें, कोणाच्या सहीचें व कोणत्या तारखेपर्यंतचें आहे, हें वहींत लिहून आणा.